पूल टेबलची पॉकेटे आवळण्याचे काम

बीड जिल्ह्यातल्या मोठ्या गावांत पूल टेबल ही आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावर एखादा गाळा घ्यायचा, आठ बाय चारची दोन-तीन टेबले मांडायची, वर दिवे टांगायचे आणि संध्याकाळी तरुण मंडळींची वाट पाहायची, असा हा धंदा आहे. भांडवल टेबलात अडकते, कमाई तासावर किंवा फ्रेमवर होते. टेबल येते बाहेरून आणि ते बिघडले की मिस्त्रीही बहुधा बाहेरूनच बोलवावा लागतो. त्याचे जाण्यायेण्याचे भाडे, मुक्काम, जेवणखाण आणि तो येईपर्यंत रिकामे पडलेले टेबल, हा सारा खर्च मालकाच्या माथी. हीच दुरुस्ती आपल्याकडचा सुतार आणि गाड्यांच्या सीटा शिवणारा कारागीर, दोघे मिळून करू शकतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. या दुरुस्तीत नाना कामे येतात. कापड बदलणे, स्लेट पाणसळीत आणणे, कुशनचे रबर बदलणे ही त्यातली मोठी. येथे आम्ही त्यातले एकच घेतो, कारण त्याची मागणी खेळ सुधारू लागला की हमखास येते आणि तेच काम सर्वांत जास्त वेळा बिघडवले जाते. ते म्हणजे सैल झालेली, रुंद पॉकेटे आवळून देणे.

पॉकेट रुंद असले म्हणजे काय होते, हे खेळणाऱ्याला सांगावे लागत नाही. चेंडू कडेला घासत गेला तरी आत पडतो. नवशिक्याला त्यात मजा वाटते, पण सहा महिने खेळलेला पोरगा कंटाळतो आणि ज्या पार्लरचे टेबल कठीण असेल तिकडे जाऊ लागतो. मालक मग कुणाला तरी धरून पॉकेटच्या दोन्ही गालांत सायकलच्या ट्यूबचे किंवा स्लिपरच्या तळव्याचे तुकडे कोंबून घेतो. त्याने पॉकेट अरुंद दिसते खरे, पण असा मऊ गाल चेंडूला झेलण्याऐवजी उसळवून बाहेर टाकतो. सरळ मारलेला चेंडूही दोन्ही गालांत थरथरून परत येतो. गिऱ्हाईक शिव्या देते आणि तुकडे पंधरवड्यात काढून फेकावे लागतात. तोवर वरचे कापड फाटलेले असते.

म्हणून हाताला काम लागण्याआधी माप समजले पाहिजे. जागतिक पूल संघटनेच्या नियमांप्रमाणे कोपऱ्याच्या पॉकेटचे तोंड साडेचार इंच ते चार इंच पाच सूत, म्हणजे सुमारे ११४ ते ११७ मि.मी. असावे. मधल्या दोन पॉकेटांचे तोंड पाच ते पाच इंच एक सूत, म्हणजे १२७ ते १३० मि.मी. हे माप कुशनच्या नाकाच्या एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंत घ्यायचे, आतल्या भोकाचे नव्हे. पूलचा चेंडू सव्वादोन इंचांचा, म्हणजे ५७ मि.मी. व्यासाचा असतो. यातून एक सोपी कसोटी मिळते, तिला पट्टीही लागत नाही. दोन चेंडू एकमेकांना चिकटवून पॉकेटच्या तोंडात नाकाच्या रेषेवर ठेवा. ते जेमतेम बसले, तर तोंड साडेचार इंच आहे. शेजारी बोट सहज जात असेल, तर पाच इंचांच्या आसपास. अट एवढीच की चेंडू खरोखर सव्वादोन इंचांचे असावेत. स्वस्त सेटमध्ये चेंडू लहान निघू शकतात, तेव्हा आधी चेंडू व्हर्नियरने मोजावा. कित्येकदा दोष पॉकेटचा नसून चेंडूंचा असतो आणि नवा सेट आणला की अर्धी तक्रार मिटते.

त्याआधी आणखी एक गोष्ट तपासावी. टेबलाखाली पडून रेलचे बोल्ट पाहा. रेल म्हणजे कुशन बसवलेली लाकडाची पट्टी. टेबलाला अशा सहा रेल असतात आणि त्या खालून बोल्टने स्लेटला आवळलेल्या असतात. बोल्ट सैल झाले की रेल मागे सरकते, चेंडू मेल्यासारखा परततो आणि पॉकेटचे तोंडही थोडे उघडते. पान्हा फिरवून काम होत असेल, तर गिऱ्हाइकाला तसे सांगावे आणि तेवढेच पैसे घ्यावेत. अशा सचोटीने पुढची चार कामे मिळतात.

आता पॉकेटची रचना पाहू. रेलचे टोक जेथे पॉकेटकडे संपते तेथे ते तिरके कापलेले असते. या कापावर कठीण रबराची पातळ चकती चिकटवलेली असते, तिला फेसिंग म्हणतात. तिच्यावरून कापड ओढून खाली स्टेपल मारलेले असते. सहा रेलची बारा टोके, म्हणजे बारा फेसिंग. त्यातली आठ कोपऱ्यांची, चार मधल्या पॉकेटांची. कोपऱ्याचा काप नाकाच्या रेषेशी १४२ अंशांचा असतो, मधला १०४ अंशांचा. दोन्हीत एका अंशाचा फरक चालतो. कोपऱ्यातले दोन गाल यामुळे समांतर नसतात, आत जाताना ते हळूहळू जवळ येतात. बाहेरची रुंदी ते तोंड, आतली ती घसा. शिवाय काप उभाही नसतो. वरची कड पुढे आणि खालची १२ ते १५ अंशांनी मागे असते, त्यामुळे गालावर आपटलेला चेंडू उडी न मारता दाबला जातो. हे तीन कोन ज्याला समजले, त्याने अर्धे काम केले. शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन पत्र्याचे किंवा पातळ प्लायचे साचे एकदाच करून ठेवावेत. ते जन्मभर पुरतात.

पॉकेट आवळण्याचे मार्ग दोन. पहिला म्हणजे फेसिंगखाली पट्टी घालून गाल जाड करणे. दुसरा म्हणजे रेलचेच लाकूड लांबवणे. कोणता मार्ग कुठे चालतो, याचा हिशेब साधा आहे, पण तो न करताच बहुतेक जण पहिला मार्ग धरतात.

काप तिरका असल्यामुळे कोपऱ्याच्या दोन्ही गालांवर सारख्या जाडीची पट्टी घातली की तोंड त्या जाडीच्या दुप्पट नव्हे, सुमारे २.३ पट कमी होते. मधल्या पॉकेटात मात्र जेमतेम दुप्पट. हे ध्यानात ठेवून एक उदाहरण घेऊ. समजा कोपऱ्याचे तोंड पावणेपाच इंच, म्हणजे सुमारे १२०.५ मि.मी. आहे आणि मालकाला साडेचार हवे. सव्वासहा मि.मी. कमी करायचे, म्हणजे प्रत्येक गालावर पावणेतीन मि.मी. जाडी वाढवायची. आधीचे फेसिंग तीन मि.मी.चे असेल, तर एकूण जाडी पावणेसहा मि.मी. होते. नियमांत एका बाजूच्या फेसिंगची कमाल जाडी पाव इंच, म्हणजे ६.३५ मि.मी. सांगितली आहे. आपण मर्यादेत आहोत, पट्टीने काम भागेल. आता तेच तोंड पाच इंचांचे, म्हणजे १२७ मि.मी.चे असेल तर? पावणेतेरा मि.मी. कमी करायचे, म्हणजे एका गालावर साडेपाच मि.मी. वाढ, आणि जुने तीन धरून एकूण साडेआठ. एवढा रबराचा थर गादीसारखा वागतो. येथे पट्टीचा मार्ग बंद होतो. लाकूडच वाढवावे लागते आणि जो कारागीर हे न सांगता रबरावर रबर चढवतो तो गिऱ्हाइकाला फसवतो, मग त्याचा हेतू चांगला का असेना.

पट्टीचे काम असे करावे. रेल उतरवण्याआधी प्रत्येक रेलवर आणि तिच्या जागेवर खडूने एक ते सहा आकडे टाकावेत, बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत. कापड टोकांपासून वीतभर सोडवावे. स्टेपल उपटताना लाकडाचे ढपले निघणार नाहीत असे पाहावे. जुने फेसिंग पातळ पात्याने काढून काप पॉलिश पेपरने साफ करावा. फेसिंग व पट्टी दोन्ही निओप्रीन रबराच्या असाव्यात. औद्योगिक रबर विकणाऱ्या दुकानात शीट मिळते. मागताना कठीणपणा सांगावा : शोअर ए मापावर साठ ते ऐंशी. फेसिंग हे कुशनच्या रबरापेक्षा कठीणच हवे, ही गोष्ट कधी विसरू नये. जुन्या टायरचे रबर कठीण असले तरी त्याची जाडी सारखी नसते आणि आत धाग्यांचे थर येतात, म्हणून तेही नको.

रेलच्या टोकाचा आकार पुठ्ठ्यावर उतरवून घ्यावा आणि चकती त्याहून दोन मि.मी. मोठी कापावी. आपले चांभार बंधू आणि सीटवाले जे सोल्युशन वापरतात, त्याच जातीचे चांगले सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावून, बोटाला चिकटेनासे झाले की दाबून बसवावे. उन्हाळ्यात आपल्याकडे ते फार लवकर वाळते, तेव्हा एका वेळी दोन टोकांपेक्षा जास्त लावू नये. पट्टी आणि फेसिंग यांच्यामध्ये हवेचा फुगा राहिला तर तेथेच चेंडू उसळेल. चिकटल्यावर धारदार पात्याने जास्तीचे रबर कापून नाकाशी एकजीव करावे. नाकावर उंचवटा राहता कामा नये. बोट फिरवून कळते, डोळ्यांनी कळत नाही.

मग कापड. हे खरे सीटवाल्याचे काम आणि त्याच्याइतका तरबेज हात सुताराचा असत नाही. स्कूटरच्या सीटचा कोपरा जो माणूस एका सुरकुतीशिवाय ओढतो, त्याला फेसिंगवरची घडी अवघड नाही. घडी एकच, खालच्या बाजूला दडवलेली. कापड ताणावे, पण इतके नव्हे की नाकाचे रबर दबेल. स्टेपल लहान पायांचे वापरावे. जुने कापड विरलेले असेल, तर ते पुन्हा ओढताना फाटणार हे आधीच सांगून ठेवावे. आमचा सल्ला असा की पॉकेट आवळण्याचे काम कापड बदलण्याच्या वेळेसच करावे. दोन्हींसाठी रेल उतरवाव्याच लागतात, मजुरी एकदाच पडते आणि टेबलही एकदाच बंद राहते.

दुसरा मार्ग, लाकूड वाढवण्याचा, हे उस्तादाचे काम आहे. येथे नाकाचे रबरही बदलावे लागते, कारण जुन्या रबराला टोकाला तुकडा जोडला तर त्या जोडावर चेंडू मरतो. रेलचे टोक रंधून सपाट करायचे, त्यावर मुरलेल्या सागवानाचा किंवा तशाच कठीण लाकडाचा ठोकळा बसवायचा. ओले लाकूड मुळीच नको. आपल्याकडच्या मे महिन्यात ते आखडून जोड उघडा पडतो. लक्षात घ्यावे की हा जोड लाकडाच्या कापलेल्या डोक्यावर येतो. तेथे रेषांची तोंडे उघडी असल्याने सरस शोषला जातो आणि धरत नाही. म्हणून नुसत्या सरसावर भिस्त ठेवू नये, आतून लाकडी खुंटी किंवा स्क्रू द्यावाच. स्क्रू मात्र पुढच्या कापाच्या रेषेत येणार नाही असा. नाहीतर करवतीचे दात जातील. ठोकळा पक्का झाला की रेलच्या बैठकीप्रमाणे त्याला आकार द्यावा, पूर्ण लांबीचे नवे रबर चिकटवावे आणि मगच साचा लावून १४२ किंवा १०४ अंशांत, मागचा उतार धरून, लाकूड व रबर एकत्र कापावे. नाकाची उंची स्लेटपासून चेंडूच्या व्यासाच्या ६३.५ टक्के, म्हणजे ५७ मि.मी.च्या चेंडूसाठी सुमारे ३६ मि.मी. राहिली पाहिजे. शेवटी तीन मि.मी.चे एकच फेसिंग. काम मोठे, खर्च मोठा, पण ते वर्षानुवर्षे हलत नाही.

यात एक बारकावा आहे, तो चांगल्या मिस्त्र्यांच्याही नजरेतून सुटतो. तोंड आणि स्लेटची कड यांच्यामध्ये सपाट जागा असते, तिला शेल्फ म्हणतात. ही जागा लांब असली की चेंडू तिच्यावर अडकून राहतो, आखूड असली की लगेच पडतो. कोपऱ्याचे तोंड अर्धा इंच आवळले की गालांची टोके आत सरकतात आणि शेल्फ पाव इंचाने आखूड होते. म्हणजे एका हाताने कठीण केलेले पॉकेट दुसऱ्या हाताने थोडे सोपे होते. नियमांत कोपऱ्याचे शेल्फ एक ते सव्वादोन इंच चालते. म्हणून आवळण्यापूर्वी शेल्फ मोजावे. ते आधीच लांब असेल तर तोंड फार आवळू नये, नाहीतर टेबल खेळण्याजोगे राहणार नाही. कापाचा कोनही उगाच वाढवू नये. १४५ अंशांच्या पुढे घसा इतका अरुंद होतो की तोंडातून नीट गेलेला चेंडू आत अडकतो आणि खेळणारा दोष आपल्या हाताला देत बसतो. मधल्या पॉकेटांबाबत आमचे म्हणणे थोडक्यात असे : ती नियमाच्या मापात असतील तर त्यांना हात लावू नका.

स्नूकरच्या टेबलाला तर या मार्गांनी मुळीच हात लावू नये. तेथे चेंडू साडेबावन्न मि.मी.चा, कुशनची टोके तिरकी कापलेली नसून गोलाईने वळवलेली आणि पॉकेट ठरावीक साच्यावर बेतलेले असते. त्यात पट्टी घातली की गोलाई मोडते. ही परंपरा वेगळी आहे. स्नूकरचा जन्मच आपल्या देशात, १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला असे मानतात. बिलियर्ड्समध्ये १९५८ साली जगज्जेते ठरलेले विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेले होते. त्या टेबलांची निगा राखणारे कारागीर मोठ्या शहरांतल्या क्लबांभोवती वाढले. आपल्या कारागिराने ती विद्या एखाद्या उस्तादाच्या हाताखाली राहूनच घ्यावी. मात्र ज्या टेबलांना कातड्याच्या पिशव्या असतात, त्या उसवल्या तर शिवून देणे आपल्या मोच्यांना अवघड नाही. बीडचे नाव एकेकाळी कातडी छागलींसाठी आणि गुप्त्यांसाठी दूरवर माहीत होते. पाणी न गळू देणारी शिवण घालणाऱ्यांच्या गावाला चेंडूची पिशवी काय जड!

आता पार्लरच्या मालकांसाठी दोन शब्द. पॉकेट आवळण्याआधी आपण पैसे कसे घेता ते पाहा. समजा एक फ्रेम दहा मिनिटांत संपते, म्हणजे तासाला सहा. पॉकेटे आवळल्यावर तीच पंधरा मिनिटांना गेली, तर तासाला चार. आपण फ्रेमवर पैसे घेत असाल, तर टेबल भरलेले असूनही कमाई एक तृतीयांशाने घसरली. तासावर घेत असाल, तर आकडा तोच राहतो, पण पंधरा चेंडू पाडायला अर्धा तास लागलेला नवशिका परत येतोच असे नाही. म्हणून तीन टेबले असतील तर एकच साडेचार इंचांवर आणावे, तेही तासाच्या दराने चालवावे आणि बाकीची चार इंच पाच सूत किंवा थोडी अधिक ठेवावीत. अलीकडच्या काही मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत सव्वाचार इंच आणि त्याहूनही अरुंद पॉकेटे वापरली गेली आहेत, हे ऐकून कुणी तसे करू पाहील. ते टेबल जगातल्या निवडक खेळाडूंसाठी असते. आपले गिऱ्हाईक कॉलेजातून थेट येणारे आहे.

आणि ज्या फ्रेमवर पैज लागते, तिचा मोह मालकाने धरू नये. कठीण टेबलावर पैजा वाढतात, हे उघड गुपित आहे. पैजेचे पैसे मालकाच्या गल्ल्यात येत नाहीत, पण भांडण त्याच्याच दुकानात होते, आणि १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा जागा चालवणाऱ्यालाही धरतो. घरच्यांनी पोराला पार्लरचा रस्ता बंद केला की गेलेले गिऱ्हाईक कोणतेही पॉकेट परत आणत नाही.

काम घेताना कारागिराने दर कसा सांगावा? टेबलाचा एकठोक दर सांगू नये. टोकांवर सांगावा : पट्टीच्या कामाला दर टोकामागे इतके, लाकडाच्या कामाला इतके, रबर व निओप्रीन वेगळे, कापड वेगळे. म्हणजे मालकाला चारच कोपरे करायचे असतील तर आठ टोकांचा हिशेब दोघांनाही समजतो. सुतार आणि सीटवाला यांनी आपसांतली वाटणी आधीच कागदावर ठरवावी. पहिले काम एखाद्या ओळखीच्या पार्लरमध्ये, सर्वांत जुन्या टेबलावर, फक्त दोन कोपऱ्यांचे घ्यावे आणि आठवडाभर खेळू द्यावे. पोरे स्वतःच सांगतात काय चुकले ते, आणि फार मोकळेपणाने सांगतात.

काम पुरे झाल्यावर पावतीसोबत एक चिठ्ठी द्यावी. तीवर सहाही पॉकेटांचे आधीचे तोंड, आताचे तोंड, शेल्फ, फेसिंगची एकूण जाडी आणि तारीख लिहावी. सहा महिन्यांनी जाऊन दोन चेंडूंची कसोटी पुन्हा करावी, बोल्ट आवळावेत. एखादे फेसिंग सुटले असेल तर ते बिनामोबदला बसवून द्यावे, आणि नवे माप त्याच चिठ्ठीवर खाली लिहावे.